शिलावर्तुळे, नाग आणि स्तूप : एक परामर्श

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावचा परिसर बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात येतो. मुरमाड माळ, काळा दगड, पावसाळ्यात कमरेपर्यंत वाढणारे गवत आणि एकदा मूळ धरले की सहसा न हटणारी घाणेरीची जाळी, असे या भागाचे रूप आहे. अशा माळावर झुडपांत बुडालेली दगडांची रास दिसली, तर ती कशाची असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. शेतकरी सांगेल की, वाडवडिलांनी नांगराला अडणारे दगड वेचून येथे टाकले. गुराखी एखाद्या देवाचे नाव घेईल. चार पुस्तके वाचलेला तरुण ते प्रागैतिहासिक थडगे आहे असे म्हणेल, आणि बौद्ध इतिहासाची ओढ असलेला आपला कार्यकर्ता हा मोडलेला स्तूप आहे असे बहुधा ठामपणे सांगेल. या चार उत्तरांपैकी कोणते खरे, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. मोजणी केली तर काही अंशी ठरते. झाडोऱ्याखाली गेलेल्या अशा राशींची पाहणी कशी झाली, त्या पाहणीवर आणि पुष्कळदा पाहणीवाचूनच कसले लेखन उभे राहिले, याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न अभ्यासाचा विषय झाला तो प्रामुख्याने विदर्भात. नागपूरभोवतीच्या टेकड्यांच्या उतारांवर जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, रायपूर, बोरगाव, भागीमोहारी, खैरवाडा अशा ठिकाणी शिलावर्तुळे आहेत. काळ्या दगडाच्या मोठ्या शिळा वर्तुळाकार मांडलेल्या, आत माती व लहान दगडांची भर, आणि त्या भरीखाली मृताचे अवशेष व त्याच्याबरोबर ठेवलेल्या वस्तू, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा, म्हणजे लोखंड वापरात आल्यानंतरचा. त्यांतील काही वर्तुळे भगवान बुद्धांच्या आधीची आहेत, काही त्यांच्या काळाच्या आसपासची असू शकतात. हा कालखंड लांब आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवावी लागेल.

या वर्तुळांकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष गेले ते एकोणिसाव्या शतकात. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे भूगर्भशास्त्राचे जाणकार होते. टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते पूर आलेल्या ओढ्यात बुडून मरण पावले. (पावसाळ्यात वर्तुळे पाहावयास जाऊ नये याला आणखीही एक कारण आहे, ते पुढे येईल.) त्याच दशकात मेजर पिअर्स यांनी कामठीजवळचे एक वर्तुळ खणले, आणि त्यातील वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात नागपूरच्या वर्तुळांविषयी लिहिले. जुनापाणीच्या काही शिळांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. ते खळगे ब्रिटनमधील दगडांवरच्या खळग्यांसारखे दिसतात, यावर त्यांचा सारा भर होता.

येथेच या लेखनाचा पहिला दोष दिसतो. दोन दूरच्या प्रदेशांतील दगड सारखे दिसले की ते उभारणारे लोक एकाच वंशाचे ठरविण्याची त्या काळी रीत होती. दख्खनमधील राशींचे वर्णन करणारे कर्नल मेडोज टेलर यांनीही आपल्या १८६२ च्या निबंधात त्यांना केल्टिक, ड्रुइड किंवा सिथियन अशी नावे बहाल केली. वंश आधी ठरवावयाचा आणि दगड त्याच्या दावणीला बांधावयाचे, असा हा प्रकार होता. परंतु टेलर यांची बाजू येथे पुरती सांगितली पाहिजे. सुरपूरच्या परिसरात त्यांनी ज्या राशी उघडल्या, त्यांचे उभे छेद त्यांनी काढले: कोणत्या थरात माती, कोणत्या थरात हाडे, भांडी कोठे, हे चित्रात दाखविले. त्या काळच्या मानाने ही दक्षता असाधारण होती, आणि पुढे मॉर्टिमर व्हीलर यांच्यासारख्या काटेकोर उत्खननकारानेही तिची वाखाणणी केली. टेलर यांचा सिथियन आज कोणी मानीत नाही. त्यांची रेखाटने मात्र आजही उपयोगी पडतात. हे गृहस्थ काही काळ नळदुर्गला, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात अधिकारी होते, हे मराठवाड्यातील वाचकांच्या लक्षात असावे.

स्वातंत्र्यानंतरचे संशोधन निराळ्या पातळीवरचे आहे. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बा. कृ. थापर यांनी जुनापाणीची वर्तुळे शास्त्रीय पद्धतीने उघडली. त्यानंतर नागपूर विद्यापीठ आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांच्याद्वारे डॉ. शां. भा. देव यांनी या विषयाला आपल्या आयुष्याचा मोठा भाग दिला. टाकळघाट व खापा (१९६८-६९), माहुरझरी (१९७०-७२), आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्यासह नायकुंड (१९७८-८०) येथील उत्खननांचे अहवाल हे या विषयाचे आधारग्रंथ होत. देवांचे मोठे श्रेय असे की, त्यांनी थडग्याबरोबर वस्तीही शोधली. टाकळघाटला माणसे राहत होती आणि खाप्याला त्यांचे मृत पुरले जात होते, हा संबंध त्यांनी जमिनीवर दाखविला. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडल्यामुळे थडग्यातील कुऱ्हाडी व छिन्न्या कोठून आल्या, या प्रश्नालाही ठिकाण मिळाले.

तरीही या अहवालांविषयी एक आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते. जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळे असल्याचे सांगितले जाते. थापरांनी त्यांतील ३ उघडली, म्हणजे शंभरात एक. इतर स्थळी प्रमाण कमी-अधिक असेल, पण उघडलेली वर्तुळे सर्वत्र मूठभरच आहेत. या मूठभर वर्तुळांतून निघालेल्या वस्तूंवर, म्हणजे माहुरझरीच्या घोड्याच्या मुखावरील तांब्याच्या अलंकारावर, तांब्याच्या मुठीच्या लोखंडी कट्यारीवर, सोन्याच्या दागिन्यांवर अहवालांची पाने भरतात, आणि त्यांवरून ‘सरदार’, ‘योद्धा’, ‘घोडेस्वार जमात’ अशी समाजरचना उभी केली जाते. न उघडलेल्या शेकडो वर्तुळांविषयी अंतर किती, व्यास किती, शिळा किती, कोणते वर्तुळ कोणत्यास चिकटून, कोणते एकटे, ही माहिती त्या मानाने थोडी येते. जे वर उघड्यावर पडले आहे ते गौण, आणि जे खाली झाकलेले आहे तेच बोलके, अशी ही धारणा आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही, आणि तिचे कारण साध्या हिशेबाने दाखविता येते.

समजा, एका वर्तुळाचा व्यास १५ मीटर आहे. त्याचा परीघ सुमारे ४७ मीटर भरतो. प्रत्येक शिळा साधारण एक मीटर रुंद आणि एकमेकीस लागून असेल, तर जवळजवळ ४५ शिळा हव्यात. आतील भर मध्यभागी केवळ एक मीटर उंच धरली, तरी तिचे घनफळ सुमारे ८९ घनमीटर होते. माती आणि दगड मिळून त्याचे वजन दीडशे टनांच्या आसपास जाईल. व्यास, उंची आणि शिळांची संख्या ही तीन मापे हाती आली की, एका माणसाच्या मरणासाठी किती माणसांनी किती ओझे वाहिले, याचा अंदाज बांधता येतो. यासाठी कुदळीचा एक घावही घालावा लागत नाही. शिवाय शेजारच्या पाच मीटर व्यासाच्या वर्तुळाशी तुलना केली, तर मृतांमधील उच्चनीचतेचा प्रश्न सोन्याच्या दागिन्याहून अधिक पायाशुद्ध रीतीने विचारता येतो. आणि ज्यांच्यासाठी शिळाच ओढल्या गेल्या नाहीत, त्यांचे काय? एखाद्या वस्तीत अनेक पिढ्यांत जितकी माणसे मेली असतील, तितकी वर्तुळे कोठेही नाहीत. शिळा ओढणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा वर्तुळ आले नाही. ज्यांच्या कष्टाची इतिहासाने नोंद ठेवली नाही, त्यांच्याविषयी आस्था बाळगणाऱ्या वाचकाला घोड्याच्या अलंकाराहून हा प्रश्न जवळचा वाटला पाहिजे. तो उत्खननाच्या खड्ड्यातून सुटत नाही. तो सुटला तर साऱ्या टेकडीच्या पाहणीतूनच सुटेल.

आता आपल्या लेखनाकडे वळू. विदर्भातील शिलावर्तुळे ही नागांची थडगी होत, नाग हे बौद्ध होते, स्तूपाचा आकार याच वर्तुळांतून आला, म्हणून ही वर्तुळे आद्य स्तूपच होत, अशी मांडणी आपल्यातील काही लेखक व वक्ते अनेक वर्षे करीत आले आहेत. या साखळीतील प्रत्येक दुवा वेगळा तपासावा लागेल.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले, याचे कारण सांगताना नाग लोकांचा आणि नाग नदीचा उल्लेख केला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यापूर्वी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी नाग आणि द्रविड यांच्याविषयी विवेचन केले होते. त्यांची प्रमाणे वाङ्मयीन व भाषिक आहेत. शिलावर्तुळांचा पुरावा त्यांनी दिलेला नाही. तेव्हा वर्तुळांना नागांचे म्हणताना बाबासाहेबांचा आधार घेणे, हे त्यांनी न मांडलेले मत त्यांच्या नावावर खपविण्यासारखे आहे. याहून महत्त्वाची गोष्ट त्याच ग्रंथात आहे. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, हे मत त्यांनी नाकाची मापे देणाऱ्या कोष्टकांच्या साहाय्याने खोडून काढले. वंशवाद्यांनी ज्या मोजणीचा आधार घेतला होता, तीच मोजणी त्यांनी वंशवाद्यांवर उलटविली. ग्रंथाच्या प्रस्तावनेत तुटलेले दुवे तर्काने जोडण्याचा अभ्यासकाचा अधिकार त्यांनी ठामपणे सांगितला, परंतु आपला सिद्धांत हा शेवटचा शब्द आहे असा दावा केला नाही. शिलावर्तुळांना एका वंशाचे नाव देणारा आपला लेखक रिव्हेट-कार्नॅक आणि टेलर यांच्याच वाटेने चालला आहे. सिथियनच्या जागी नाग हा शब्द घातल्याने ती वाट बदलत नाही.

दुसरा दुवा स्तूपाचा. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या शरीराची व्यवस्था चक्रवर्ती राजाच्या शरीराप्रमाणे करावी आणि चार रस्ते मिळतात तेथे स्तूप उभारावा, असे येते. म्हणजे थोर पुरुषाच्या अस्थींवर स्तूप उभारण्याची प्रथा धम्माच्या आधीपासून परिचित होती, एवढे अनुमान रास्त ठरते. त्याच सुत्ताच्या आरंभी वज्जींच्या सात अपरिहानीय धम्मांत, आपल्या राज्यातील आतील व बाहेरील चैत्यांचा मान राखणे आणि त्यांस पूर्वी दिलेले दान न तोडणे, हा एक धम्म सांगितला आहे. ही चैत्ये बौद्ध नव्हती. जुन्या स्थानांकडे पाहण्याची तथागतांची दृष्टी येथे दिसते, आणि शिलावर्तुळांच्या रक्षणासाठी त्यांना स्तूप ठरविण्याची गरज नाही, हेही येथूनच दिसते.

मात्र वर्तुळाचा स्तूप झाला, हे सिद्ध करावयाचे तर आकाराचे साम्य पुरे पडत नाही. वर्तुळातील शिळा आतील भर धरून ठेवतात. स्तूपाभोवतीची वेदिका स्तूपापासून सुटी असते आणि मधल्या वाटेने प्रदक्षिणा घडते. वर्तुळात मृताबरोबर वापराच्या वस्तू पुरल्या जातात. स्तूपात धातू असतात, आणि अनेक स्तूप पुढे वाढविले जातात. निगाली सागरच्या स्तंभलेखात सम्राट अशोकाने आपल्या राज्याभिषेकानंतर चौदाव्या वर्षी कनकमुनी बुद्धांचा स्तूप दुप्पट वाढविल्याचे म्हटले आहे. वर्तुळांच्या बाबतीत अशी वाढ कोणी दाखविलेली नाही.

विदर्भातच या प्रश्नाचे खरे क्षेत्र आहे, ते म्हणजे पवनी. १९६९-७० मध्ये देव आणि ज. प. जोशी यांनी तेथे उत्खनन करून स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. तेथील शिल्पित स्तंभावर मुचलिंद नाग आहे. कुही तालुक्यातील अडम येथे १९८८ ते १९९२ या काळात झालेल्या उत्खननात लोहयुगापासून सातवाहनकाळापर्यंतचे थर मिळाले. शिलावर्तुळांचा काळ संपतो आणि स्तूपांचा सुरू होतो, त्या सांध्यावरची ही स्थळे आहेत. नाग, वर्तुळ आणि स्तूप यांचे नाते असेल तर ते अशा ठिकाणच्या थरांत आणि भोवतालच्या टेकड्यांवर शोधावे लागेल. आपल्या लेखकांनी पवनीवर जितके लिहावयास हवे होते तितके लिहिले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मुचलिंदाचे ते शिल्प वर्तुळांविषयीच्या दहा भाषणांहून मोलाचे आहे.

बाहेरच्या अभ्यासकांनी हा प्रश्न दोन रीतींनी हाताळला आहे. ग्रेगरी शोपेन यांनी १९९६ मधील एका निबंधात असे निदर्शनास आणले की, भारतातील अनेक बौद्ध विहार जुन्या दफनभूमींच्या जागी किंवा त्यांच्या लगत उभे राहिले. आंध्रातील उदाहरणे त्यांत विशेष आहेत. नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात महापाषाणीय थडगी आणि स्तूप दोन्ही सापडले, हे तर उत्खननानेच दिसले होते. भिक्खू आधीच्या मृतांच्या शेजारी जाणूनबुजून राहावयास गेले, असा शोपेन यांचा रोख आहे. स्मशानात राहणाऱ्या भिक्खूचे सोसानिक व्रत आणि सतिपट्ठान सुत्तातील प्रेतावस्थांचे चिंतन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात अस्वाभाविक काही वाटणार नाही. तथापि या मांडणीतही एक जोखीम आहे. टेकडीवरची सोयीची, पाण्याजवळची, वस्तीपासून बेताच्या अंतरावरची जागा दोन वेगवेगळ्या काळांतील लोकांनी स्वतंत्रपणे निवडली असण्याचा संभव राहतो. हेतू सिद्ध करण्यासाठी भोवतालच्या रिकाम्या टेकड्याही मोजाव्या लागतात.

नेमके हेच काम लार्स फोगेलिन यांनी विशाखापट्टणमजवळच्या थोटलाकोंडा विहाराभोवती केले. त्यांचे पुस्तक २००६ मध्ये आले. विहाराच्या परिसरातील उतार पायी पिंजून काढून त्यांनी दगडांच्या लहान राशींची नोंद केली, आणि त्या बौद्ध मृतांच्या स्मारकराशी असाव्यात असा निष्कर्ष काढला. उत्खनन न करता केवळ पाहणीवर उभा राहिलेला हा युक्तिवाद आमच्या वाचकांना विशेष विचारार्ह वाटावा. सांचीच्या आसमंतात ज्युलिया शॉ यांनी १९९८ पासून केलेली पाहणीही याच जातीची आहे: स्तूप, विहार, जुने बांध आणि वस्त्या एका नकाशावर आल्यामुळे सांची हा सुटा डोंगर राहिला नाही. फोगेलिन यांच्या निष्कर्षावर आमचा आक्षेप असा की, राशीचा काळ राशीतून न काढता तो विहाराच्या सान्निध्यावरून ठरविला आहे. तीच रास विहाराच्या आधीची असू शकते. परंतु त्यांनी राशींची स्थाने आणि वर्णने छापली असल्यामुळे हा आक्षेप घेता येतो आणि उद्या कोणी तो तपासूही शकेल. आपल्या लेखकांच्या विधानांवर असा आक्षेपही घेता येत नाही, कारण त्यात तपासण्यासारखे मापच नसते.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी सावधगिरी हवी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात दगडी राशींवर काम झाले, पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी त्यांवर लिहिलेही, पण ते लक्ष मुख्यतः तेलंगण आणि कर्नाटकाच्या बाजूकडे होते. मराठवाड्यात खात्याचे डोळे स्वाभाविकच अजिंठा-वेरूळकडे लागलेले. दुसरीकडे, गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांत ताम्रपाषाणयुगीन लोक मृतांना दगडांखाली ठेवीत नसत, हे दायमाबाद आणि इनामगाव येथील उत्खननांनी दाखविले आहे. इनामगावला १९६८ ते १९८३ अशी दीर्घकाळ खोदाई झाली. तेथे मुलांना दोन रांजणांची तोंडे जोडून त्यांत, आणि मोठ्यांना खड्ड्यात, बहुधा घोट्यापासून पाय तोडून, घराच्या जमिनीखालीच पुरलेले आढळले. अशा प्रदेशातील माळावरची रास विदर्भातील राशीसारखी दिसते, म्हणून ती त्याच युगाची मानणे धोक्याचे आहे. तिला स्तूप मानणेही तितकेच धोक्याचे. तेरला स्तूपाचे अवशेष निघाले ते विटांचे आहेत. मराठवाड्यातील स्तूपाचे अवशेष ओळखावयाचे तर आधी मोठ्या आकाराच्या विटांचे तुकडे पाहावेत.

मग राणीसावरगावच्या माळावर काय करावे? प्रथम काळ निवडावा. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत गवत इतके माजलेले असते की, दहा मीटरवरची शिळा दिसत नाही. दोन लगतची वर्तुळे एकच भासतात आणि मोजदाद चुकते. माघ-फाल्गुनात गवत वाळून बसते. सकाळी किंवा सायंकाळी कललेल्या उन्हात उंचवटे सावली टाकतात, आणि भर दुपारी सपाट वाटणारी जागा वर्तुळाकार उठून दिसते. झुडपे मुळासकट उपटू नयेत, कारण मुळांबरोबर भर उसकटते. वणवा लावणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे, कारण आगीने शिळा तडकतात. कोयत्याने फांद्या छाटून शिळेच्या माथ्यापुरती जागा मोकळी केली की पुरते.

त्यानंतर दगड जमिनीत रोवलेला आहे की नुसता पडलेला, हे पाहावे. शेतातून वेचलेल्या दगडांच्या राशीत लहानमोठे दगड सरमिसळ असतात, तिला निश्चित कड नसते, ती बहुधा बांधाच्या रेषेत किंवा शेताच्या कोपऱ्यात असते, आणि वर्षानुवर्षे भर पडत गेल्यामुळे वरचे दगड सुटे असतात. रचलेल्या वर्तुळाच्या कडेला मोठ्या शिळा असतात, त्यांचा खालचा भाग मातीत गेलेला असतो, आणि आतील माती भोवतालच्या मुरमाहून निराळी दिसू शकते. परस्परांस काटकोनात असे दोन व्यास टेपने मोजावेत. ते फार वेगळे निघाले तर तो वर्तुळाकार हेतू नव्हता असे समजण्यास जागा आहे. मधोमध खड्डा असेल तर धनाच्या आशेने कोणी पूर्वीच उकरले असावे; त्या खड्ड्याची खोलीही लिहून ठेवावी. शिळांवर जुनापाणीसारखे खळगे आहेत का, हे ओल्या कापडाने धूळ पुसून तिरप्या उजेडात पाहावे. या खळग्यांचा संबंध आकाशातील दिशांशी असावा, असे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी सुचविले आहे. ते खरे असो वा नसो, खळगे कोणत्या दिशेच्या शिळेवर आहेत याची नोंद होकायंत्राने घेतल्यावाचून त्यावर चर्चा संभवत नाही. आज मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळतात. पूर्वी प्लेन टेबल खांद्यावर वाहून न्यावे लागे. त्याच्या जोडीला गट क्रमांक आणि गावनकाशावरील जागा लिहावी. पाणी किती अंतरावर, जुनी वाट कोणती, दगडाची खाण किंवा उघडा खडक कोठे, याही नोंदी हव्यात. भांड्याचे खापर दिसले तर फोटो घेऊन जागेवरच ठेवावे. परवानगीवाचून खणणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो. शिवाय एकदा उकरलेल्या जागेचा पुरावा पुन्हा उभा करता येत नाही.

या कामाला पदवीधर पुरातत्त्वज्ञच लागतो, असे नाही. गावशिवेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक मानली जात असे, ही गोष्ट जुन्या कागदपत्रांतून सर्वश्रुत आहे. कोणता दगड शिवेचा, कोणता मसणवट्याचा, कोणता शेतातून काढलेला, हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या ज्या लोकांकडे सक्तीच्या वतनी कामामुळे साठले, त्यांच्याच नातवंडांना आज त्या माळाचा नकाशा काढावयाचा आहे. अहवालांत उत्खननकारांची नावे येतात. त्यांना वर्तुळांपर्यंत घेऊन जाणाऱ्या गुराख्यांची आणि मजुरांची सहसा येत नाहीत. गावकऱ्यांनी केलेल्या पाहणीत तरी वृद्धांनी सांगितलेली माहिती त्यांच्या संमतीने, त्यांच्या शब्दांत नोंदवावी. ‘येथे स्तूप होता’ असे एखादी आजी म्हणत असेल तर तेही लिहावे. मात्र ते पाहणीचा निष्कर्ष म्हणून न लिहिता आजीचे म्हणणे म्हणून लिहावे, आणि हे नाव गावात केव्हापासून ऐकू येते, हेही विचारून घ्यावे.

घाई करण्याचे कारण आहे, पण ते निष्कर्षाच्या घाईचे नव्हे. जुनापाणी संरक्षित स्मारक असल्याने तेथे १९५८ चा कायदा आणि २०१० ची सुधारणा लागू आहे. शंभर मीटरांच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. विदर्भातील इतर अनेक वर्तुळांना आणि मराठवाड्यातील कोणत्याही बेवारस राशीला असे छत्र नाही. खडी क्रशरला दगड हवा असतो, रस्त्याला मुरूम हवा असतो, आणि माळावर जमा होऊन पडलेला दगड उचलण्यास सर्वांत स्वस्त पडतो. सातबाऱ्यावर अशा जागेची नोंद बहुतेक वेळा पोटखराबा एवढीच असते.

राणीसावरगावच्या तरुणांनी एका माघात अशा दहा राशी मोजल्या आणि त्यांपैकी नऊ शेतातून वेचलेल्या दगडांच्या निघाल्या, तर ती पाहणी वाया गेली असे कोणी मानू नये. त्या नऊ राशींची मापेही दहाव्या राशीइतक्याच तपशिलाने छापावयास हवीत: व्यास, उंची, कड आहे की नाही, बांधापासूनचे अंतर. दहावी रास निराळी का वाटली, हे वाचकाला त्यांच्याशी ताडूनच ठरविता येईल.